नाकाला पटलेलं पान

कासारखेड्याचे तहसीलदार अर्ज मांडीवर घेऊन वाचनालयाच्या पायरीवर बसले होते आणि आत मृणाल कपाटांवरून कोरडं फडकं फिरवत होती. तहसीलदारांना ताटकळत ठेवण्यात तिला आता गंमतही वाटत नव्हती. सुरुवातीला वाटायची. कलेक्टर पहिल्यांदा स्वतः आले आणि दारातून "मॅडम, आत येऊ का" म्हणाले, त्या दिवशी तिने घरी बासुंदी केली होती. पण माणसाला कशाचीही सवय होते, ग्रंथपालाला मानाचीसुद्धा.

आधी असं नव्हतं. तिचे वडील अण्णा दिवटे याच लोकबोध वाचनालयाचे ग्रंथपाल होते, तेव्हा गाव त्यांना 'ते पुस्तकवाले' म्हणायचं आणि लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांबरोबर शेवटी बसायचे. मग घुसळण झाली.

घुसळण आता शाळेत तिसरीलाच शिकवतात. यंत्रं लिहायला लागली आणि इतकी छान लिहायला लागली की कुठल्याही खोट्याच्या बाजूने हजार कागद उभे करायचे तर चहा उकळेपर्यंत व्हायचे. खरेदीखत, त्या खरेदीची बातमी, बातमीवर वाचकांची पत्रं, त्या पत्रांवरून झालेला अब्रुनुकसानीचा खटला आणि त्याचा निकाल, सगळं एकमेकांना दुजोरा देणारं. एकेका सातबाऱ्यावर तीन-तीन मालक, तिघांकडेही पुरावे, आणि तिघांपैकी दोघे कधी जन्मालाच आलेले नाहीत. शेवटी न्यायालयांनी हात टेकले. जो मजकूर एकदा जरी संगणकात शिरला असेल तो पुरावा नाही, असं ठरलं. म्हणजे उरली ती फक्त जुनी छापील पुस्तकं, आणि त्यातलीही अशी, की जी स्कॅन करण्याच्या लायकीची कुणाला कधी वाटली नव्हती. अशी पुस्तकं कुठे असतात? तालुक्याच्या वाचनालयात. दुसरीकडे कुठे असणार?

आता जुना कागद खरोखर जुना आहे हे कसं ओळखायचं? भट्टीत भाजून आणि चहाच्या पाण्यात बुडवून कागद म्हातारा करणारे कारागीर होतेच. म्हणून नाक आलं. सरकारी नाव कागदवय परीक्षण यंत्र, पण शिलाई मशीनएवढी पेटी आणि पुढे सोंडेसारखी नळी बघितल्यावर ते नाव कोण घेणार? तत्त्व सोपं आहे. जुन्या पुस्तकाला जो वास येतो तो कागद हळूहळू कुजण्याचा असतो. कागदातलं लाकूड फुटत जातं, त्यातून आम्लं सुटतात, व्हॅनिलासारखा गोडसर वास सुटतो. पण जे सुटतं ते त्याच पानात राहत नाही, शेजारच्या पानात मुरतं. इकडच्या शाईचं तेल तिकडे उतरतं, तिकडची बुरशी इकडे घर करते. काही वर्षांत पुस्तकाचं एक गाव होतं, आणि कुणी कुणाला काय दिलं, हे नाक वासावरून सांगतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत एक वाक्य होतं: 'कागद म्हातारा करता येतो, पण त्याला जुने शेजारी मिळवून देता येत नाहीत.' मृणालला ते इतकं आवडलं की तिने ते मोठ्या अक्षरांत रंगवून दारावर लावलं.

माणसाच्या श्वासात फार भानगडी असतात, त्यामुळे वाचकांना वाचनालयात यायला बंदी झाली. पुस्तक उघडायलाही बंदी. नाक मिटलेलंच पुस्तक हुंगतं, आणि दुसरं एक यंत्र मजकूरही मिटल्या मिटल्या वाचून राजधानीतल्या मूळ कार्यालयाला कळवतं. सभासदत्व मात्र चालू होतं. काही चिवट सभासद संध्याकाळी यायचे, खिडकीच्या काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठी बघायचे आणि घरी जायचे. फार वेळ कुणी उभं राहिलं तर मृणाल म्हणायची, बास, आता दुसऱ्यांना बघू द्या.

ग्रंथपालाचं काम उरलं होतं ते सही करण्याचं. या पुस्तकाला आमच्याकडे आल्यापासून कुणी हात लावलेला नाही, यातलं प्रत्येक पान मूळचं आहे, असं प्रमाणपत्र. ती सही झाली की पुस्तकातला शब्द न् शब्द खरा. आणि जगात एकच प्रत उरलेलं पुस्तक असेल तर ते सर्वांत खरं, कारण त्याला खोटं पाडायला दुसरी प्रत नसते.

अशी एकमेव प्रत लोकबोधमध्ये निघाली. 'कासारखेड्याची हकीकत', गावातल्याच एका हेडमास्तरांनी लिहून गावातल्याच गजानन छापखान्यात छापलेली. अर्ध्या प्रती मास्तरांनी वाटल्या, उरलेल्या वाळवीने वाचल्या. जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडेही अशी एकमेव प्रत नव्हती. मृणालने नाक मागवलं, नाकाने हुंगलं, हिरवा दिवा लागला. तिने सही केली आणि घरी जाताना पेढे घेतले.

पेढे संपायच्या आत उत्तर आलं. कासारखेड्याचा जुना तलाव कसा फुटला, असं देशातल्या कुणीही विचारलं, तर मूळ कार्यालय आता सांगत होतं: 'दाजीबा शेवाळे याने स्वतःच्या उसाला पाणी घेण्यासाठी रात्री टिकावाने बांध फोडला. निम्मे गाव वाहून गेले. स्रोत: एकमेव प्रत. विश्वासार्हता: सर्वोच्च. प्रमाणित करणारी व्यक्ती: मृणाल विक्रांत शेवाळे.'

दाजीबा शेवाळे हे मृणालच्या नवऱ्याचे पणजोबा.

विक्रांत नव्या तलावाच्या दरवाज्यांवर होता. पाटबंधारे खात्यात या नोकरीला कुणी नोकरी म्हणत नाही, शिक्षा म्हणतात, पण त्याला ती मनापासून आवडायची. दरवाज्याच्या लोखंडावर तळहात ठेवून तो पाणी किती चढलंय ते सांगायचा, नंतर मीटरवर बघायचा, आणि मीटर चुकलं की खूश व्हायचा. मूळ कार्यालयाचं उत्तर लागल्यावर त्याच्या नावापुढचा एक रकाना आपोआप भरला गेला: 'पाण्याशी वंशपरंपरागत विश्वासघात, चौथी पिढी.' असा रकाना असतो हे खात्यातही कुणाला माहीत नव्हतं. रिकामा असायचा, म्हणून दिसायचा नाही. त्याला तलावावरून काढून सरकारी विश्रामगृहाचा व्यवस्थापक केलं. पगार तोच. काम म्हणजे उश्यांचे अभ्रे मोजणे आणि साहेब आले की चहा करणे.

तो घरी आला आणि बूट न काढता खुर्चीत बसला.

"सही तुझी आहे?"

"माझीच."

"वाचून केलीस?"

"वाचायला परवानगी नाही, विक्रांत. तुला माहितीय."

"मग सही कशाची करतेस?"

मृणालने थोडा विचार केला. "वासाची," ती म्हणाली.

तो हसला नाही. एरवी हसला असता.

गावाने गोष्ट आनंदाने घेतली. इतकी वर्षं तलाव पावसाने फुटला असं समजत होते, त्यात काही रस नव्हता. आता माणूस मिळाला होता. शाळेच्या गॅदरिंगला 'तलाव फुटला' नावाचं नाटक बसवायला घेतलं आणि चौथीतल्या नभाला, म्हणजे मृणाल-विक्रांतच्या मुलीला, दाजीबाचं काम मिळालं. तिने कारण विचारलं, तर बाई म्हणाल्या, टिकाव तुमच्याकडे घरीच असेल ना. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच वाईट होतं.

मृणाल अण्णांकडे गेली. अण्णा ऐंशीच्या पुढचे, वाचनालयामागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि अजूनही रद्दीचे गठ्ठे पुस्तकासारखे शिवून ठेवायचे, हाताला काम हवं म्हणून. मूळ कार्यालयाचं उत्तर तिने त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, गवई जुनी चीज ऐकतो तसं.

"बरं जमलं होतं ते," ते म्हणाले.

"काय जमलं होतं?"

"पान. मास्तरांची भाषा पकडायला वेळ लागला मला. 'निद्रिस्त गावावर काळाने झडप घातली.' हे माझं आहे."

मग ते सगळं सांगत गेले, अजिबात न लाजता. वाचनालयात पुस्तकांची पानं फाटतातच. रहस्यकथेचं शेवटचं पान फाटलेलं असलं की सभासद भांडायला येतो, आणि दुसरी प्रत आणायची ऐपत नसते. तेव्हा ते पान अण्णा स्वतःच लिहायचे. गजानन छापखान्याच्या माळ्यावर जुन्या कागदाचे रीम पडून होते, अक्षरांचे खिळे तेच, छापखानेवाला मित्र. पान छापायचं, फाटकी कड सुबक कापून टाकायची, खळीने चिकटवायचं. कित्येक खुनी अण्णांनी ठरवले होते. एकदा एका सभासदाने मूळ पुस्तक मुंबईत वाचलं आणि येऊन सांगितलं की तुमचा खुनी जास्त पटतो.

"पण 'हकीकत' कुणी नेतच नव्हतं, अण्णा. ते कशाला भरलंत?"

"तपासणी होती. फाटकं पुस्तक दिसलं की वर्ग खाली. अ वर्गाचं वाचनालय होतं आपलं."

"आणि दाजीबा का? दुसरं कुणी सुचलं नाही?"

इथे अण्णांनी सुई-दोरा बाजूला ठेवला. आधीचं पान अर्ध्या वाक्यात संपत होतं, ते म्हणाले. 'त्या रात्री बांधावर दाजीबा शेवाळे यांनी जे केले ते हे गाव कधीही', आणि पुढे पान नाही. पुस्तकाच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर उभ्या जन्मात एकच नाव होतं: गणपत शेवाळे. दाजीबांचा मुलगा, विक्रांतचा आजोबा. त्यानेच नेलं, त्यानेच पान फाडलं, आणि विचारायला गेलो तर म्हणाला, आमचंच होतं, घेतलं.

"मग मी वाक्य पुरं केलं," अण्णा म्हणाले. "'हे गाव कधीही क्षमा करणार नाही.' पुस्तक फाडणाऱ्याला दंड आठ आणे होता त्या काळी. आठ आण्यांत काय होतं, सांग?"

मृणालला तिचं लग्न आठवलं. अण्णांनी जात बघितली नव्हती, पत्रिका बघितली नव्हती. एकच हरकत घेतली होती, त्या घरातले लोक पुस्तकं फाडतात. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याची बोलायची पद्धत आहे.

खरं पान मृणालच्या सासरीच होतं. ती रोज त्याच्यासमोर हात जोडत होती. देवघरात गणपतीच्या तसबिरीशेजारी एक काळवंडलेली चौकट होती, कुंकवाने अर्धी भरलेली. घरात सगळे समजायचे की आत स्तोत्र आहे. मृणालने फाटलेल्या पानाबद्दल विचारल्यावर सासूबाईंनी पदराने काच पुसली आणि चष्मा लावून वाचलं: 'विसरणार नाही. पाणी चढताना सारे गाव टेकडीकडे पळाले, परंतु दाजीबा पोती खांद्यावर घेऊन बांधावर उभे राहिले व अखेरपर्यंत भोक बुजवीत होते. त्यांचा देह मिळाला नाही.' गणपतरावांनी वडिलांचं कौतुक छापून आलेलं बघितलं आणि ते वाचनालयाच्या कपाटात कशाला ठेवायचं, देवापाशी ठेवू, म्हणून घरी आणलं. म्हणजे एकाने अभिमानापोटी फाडलं आणि दुसऱ्याने पुस्तकाच्या मायेपोटी भरलं. दोघांचंही मन साफ होतं. गावावर संकटं बहुतेक अशीच येतात.

"आता झालंच की," सासूबाई म्हणाल्या. "हे दाखवा त्यांना."

पडताळणी अधिकारी निमकर आले ते विश्रामगृहात उतरले आणि सुनावणीही तिथेच ठेवली. निमकरांना बारमाही सर्दी होती. यंत्राच्या कामात ढवळाढवळ नको म्हणूनच त्यांची या खात्यात निवड झाली, असं लोक म्हणत. टेबलावर नाक, नाकासमोर पुस्तक, पुस्तकाशेजारी चौकटीतून काढलेलं पान. भिंतीशी मृणाल आणि कडक इस्त्रीच्या सदऱ्यात अण्णा. चहा विक्रांतने आणला, कारण त्याचं तेच काम होतं. स्वतःच्या पणजोबांच्या सुनावणीत तो साखर किती हे विचारत फिरत होता.

नाकाने आधी सुटं पान हुंगलं. नळी मागे-पुढे झाली, लाल दिवा लागला, कागदाची पट्टी बाहेर आली. निमकरांनी ती गेंगाण्या आवाजात वाचली.

"कापूर. उदबत्ती. तूप. हळद, कुंकू. या पानाचा या पुस्तकाशी काहीही संबंध नाही, मॅडम. याला शेजारीच नाहीत."

"ते देवघरात होतं," मृणाल म्हणाली. "आधी याच पुस्तकात होतं."

"पन्नास पानं याच्या आधी, पन्नास नंतर. एकही याला ओळखत नाही."

मग त्यांनी पुस्तकातलं, अण्णांचं पान तपासलं. हिरवा दिवा. शेजारच्या पानांची आम्लं त्यात होती, त्याची शाई समोरच्या पानावर उतरली होती, आणि एकाच बुरशीचा डाग तीन पानांत आरपार गेला होता, एखाद्या गल्लीसारखा. चाळीस वर्षं ते त्या पुस्तकात राहिलं होतं. मृणालने विचारलं, बाकीची पानं तर याच्या दुप्पट जुनी आहेत, यंत्राला फरक कळत नाही का? निमकरांनी नाक शिंकरलं, स्वतःचं, आणि सांगितलं की तीस वर्षांच्या पुढे नाकाला सगळं सारखंच जुनं. खोटेपणा करणारा एवढा थांबत नाही, असं यंत्र बनवणाऱ्यांनी धरलंय.

"ते पान मी लिहिलंय," अण्णा उभे राहून म्हणाले.

निमकरांनी पट्टी खाली ठेवली.

"हे तुम्ही कुठे छापलंय?" निमकरांनी विचारलं.

"छापलं नाही. सांगतोय."

"आज सांगताय. म्हणजे घुसळणीनंतरचं झालं. ते मला घेता येत नाही, आजोबा. वाईट वाटून घेऊ नका, माझ्या आईचंही घेत नाहीत." ते मृणालकडे वळले. ते चांगले गृहस्थ होते, मार्ग काढायला बघत होते. "एकच रस्ता आहे. तुम्ही ग्रंथपाल आहात. तुम्ही लिहून द्या की पुस्तकात बाहेरचं पान घुसलंय. तुमची सही यंत्राच्या वर आहे."

"देते."

"पुढचं ऐका आधी. एक पान दूषित म्हणजे संग्रह दूषित. लोकबोधमधली सगळी पुस्तकं रद्द होतील, लगद्याला जातील. त्यांच्यावर आजवर जे काही सिद्ध झालंय, जमिनी, पेन्शनी, वारस, ते पुन्हा कोरं. आणि पान घुसवणाऱ्यावर खटला. वयाची सवलत नाही. या गुन्ह्यात म्हातारेच असतात."

मृणालने अण्णांकडे बघितलं. खटला हा शब्द त्यांच्या कानांवर पडलाच नव्हता. ते लगद्यापाशी थांबले होते.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"बाल विभागसुद्धा?"

निमकरांनी मान हलवली.

अण्णा सावकाश खाली बसले. सदरा नीट केला. "माझं वय झालंय, साहेब," ते म्हणाले. "काहीबाही आठवतं. ते पान मूळचंच आहे. मी पुस्तकाला हात लावलेला नाही."

एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. विक्रांत ट्रे घेऊन त्यांच्या समोर उभा होता, आणि अण्णांनी त्याच्या तोंडाकडे न बघता म्हटलं, "जावईबापू, साखर कमी आहे."

आता खोलीत ते पान खोटं आहे हे सांगू शकणारी एकटी मृणाल उरली. निमकरांनी दोन्ही प्रमाणपत्रं समोर ठेवली, मूळ आणि दूषित. रंग वेगळे होते, चूक होऊ नये म्हणून. तिने विक्रांतकडे बघितलं. त्याने काही म्हणावं असं तिला वाटत होतं. कर म्हण, नको म्हण, शिवी दे. तो टेबलावर सांडलेला चहा पुसत होता, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

तिने मूळवर सही केली.

का केली याची तिने स्वतःला पुढे बरीच कारणं दिली. गावाच्या जमिनी. अण्णांचं वय. बाल विभाग. कधी कधी, अगदी खरं बोलायचं झालं तर, पायरीवर बसलेले तहसीलदार. यातलं कुठलं कारण अस्सल, हे सांगणारं नाक अजून निघालेलं नाही.

विक्रांत भांडला नाही. घरी आल्यावर त्याने एवढंच म्हटलं, "तुला तीन अक्षरं लिहायची होती. दूषित."

"आणि अण्णा?"

"अण्णांनी माझ्या पणजोबावर एक पानभर लिहिलं होतं," तो म्हणाला आणि नभाचं दप्तर उचलून जागेवर ठेवायला गेला.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, निदान घरात नाही. विश्रामगृहात मात्र वेगळंच चाललं होतं. उतरणारे साहेब लोक यायचे तेच विचारत, ते दाजीबा तुमचेच का? सुरुवातीला तो चहा ठेवून निघून जायचा. मग उभा राहायला लागला. मग बोलायला लागला. मृणाल एकदा डबा द्यायला गेली तेव्हा व्हरांड्यात चार पाहुणे खुर्च्या ओढून बसले होते आणि विक्रांत सांगत होता की पणजोबा भारी तापट, एकदा डोक्यात राख घातली की ऐकायचे नाहीत, आणि टिकाव मारण्यापूर्वी त्यांनी बांधाला कान लावून पाणी ऐकलं. हे कुठल्याच पानात नव्हतं. पाहुणे थक्क झाले होते. एकाने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला.

ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, अरे, हे काय सांगतोस? तुला खरं माहितीय.

"फोडलाही असेल गं," विक्रांत म्हणाला. "सगळे म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच." त्याचा तळहात व्हरांड्याच्या लोखंडी खांबावर होता. सवयीने ठेवला असावा. त्या खांबात पाणी नव्हतं.

नभाच्या सहामाहीत स्थानिक इतिहासाचा प्रश्न आला. आदल्या दिवशी तिने आईला विचारलं होतं, तलाव कोणी फोडला, असं आलं तर काय लिहू? आजी म्हणते, फोडला नाही. बाबा म्हणतात, फोडला. तू ग्रंथपाल आहेस, तू सांग. मृणाल भाजी निवडत होती. तिने एक अख्खी गवार मोडून होईपर्यंत वेळ घेतला.

"पुस्तकात आहे ते लिही," ती म्हणाली.

नभाला पैकीच्या पैकी मिळाले. बाईंनी खाली लाल शाईने शेरा दिला होता: घरची माहिती असल्याने उत्तर सविस्तर.

त्या शेऱ्यानंतर सासूबाईंनी देवघरातली चौकट उतरवली. रागाने नाही. आपल्या घरात जे खरं धरत नाहीत ते देवापुढे ठेवू नये, एवढंच म्हणाल्या, आणि ते पान मृणालच्या हातात देऊन भिंतीवर राहिलेला चौकोनी डाग पुसायला लागल्या. तो निघाला नाही.

मृणालने ते पान वाचनालयात नेलं. 'हकीकत'मध्ये ठेवणं शक्य नव्हतं, वार्षिक तपासणीत नाकाला कापूर आला असता. तिने कपाटं नजरेखालून घातली आणि तिला जागा सापडली. वाचनालयाच्या एका माजी अध्यक्षांचा काव्यसंग्रह. तोच छापखाना, तेच साल, तोच कागद, 'हकीकत'च्या शेजारीच उभा, म्हणजे मुरणारा वासही तोच. त्याची पानं कापलेलीसुद्धा नव्हती. या पुस्तकाला कुणी हात लावलेला नाही, या एकाच प्रमाणपत्रावर मृणालने आजवर डोळे झाकून सही केली होती आणि ती खरी होती. नाकही त्याला एकदा हुंगून पुन्हा कधी हुंगत नसे.

तिने कपाट उघडलं, श्वास रोखला, दोन कवितांच्या मध्ये पान सरकवलं आणि पुस्तक मिटलं. आता थांबायचं. आम्लं मुरतील, शाई उतरेल, बुरशी येईल, तूप-कापूर उडून जाईल. तीस वर्षांनी त्या पानाला शेजारी असतील आणि नाकाला ते पटेल. मग कुणीतरी ते काढून त्याच्या जागी चिकटवायचं. तोवर दरवर्षी अण्णांचं पान मूळचं आहे अशी सही करत राहायचं, म्हणजे संग्रह टिकेल, म्हणजे हे पान टिकेल.

फक्त तीस वर्षांनी ती स्वतः या खुर्चीत नसणार. त्या वेळी इथे जो ग्रंथपाल असेल, त्याला हे माहीत हवं, आणि तो घरातलाच हवा, कारण तोंडी सांगितलेलं बाहेरचा कुणी कशाला मानेल?

तिने नभाला सहज म्हणून विचारलं, मोठेपणी काय व्हायचं ठरवलंयस?

नभा टिकावाचं पुठ्ठ्याचं पातं रंगवत होती. गॅदरिंग जवळ आलं होतं. ब्रश न थांबवता ती म्हणाली, काहीही चालेल. फक्त ग्रंथपाल नाही.